प्रतिसाद: सगळं पोरांच्या माथी नको

नव्या वसाहतीतल्या बाक-झोपाळ्यांची मोडतोड कोण करतं, या चर्चेत 'पोरांचेच उद्योग आहेत, बाक काढून टाका आणि कॅमेरे लावा' असं वर दोघातिघांनी लिहिलंय. कॅमेऱ्यांना माझी हरकत नाही. पण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डोचा १९६९चा प्रयोग आठवा. नंबरप्लेट नसलेली, बॉनेट उघडं ठेवलेली एक गाडी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये सोडली, तशीच दुसरी कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोत. ब्रॉन्क्सच्या गाडीला दहा मिनिटांत हात लागला, आणि पहिले आले ते चक्क आईवडील अन् त्यांचा लहान मुलगा! रेडिएटर आणि बॅटरी काढून नेली. पालो अल्टोतली गाडी आठवडाभर कोणी शिवली नाही. झिम्बार्डोनेच हातोडा घातल्यावर मात्र येणाऱ्याजाणाऱ्यांनी तिचाही चुराडा केला.

नव्या वसाहतीत तो पहिला हातोडा कोण घालतं, हे बघायला हवं. आमच्याकडे रस्त्याकडेची कोवळी झाडं मोडली म्हणून मुलांवर केवढा ओरडा झाला. कॅमेऱ्यात निघाला फर्निचर उतरवणारा टेम्पो, तिथूनच मागे घेणारा. त्यात बिल्डर म्हणतो सामायिक जागेचा ताबा दिला, सोसायटीची समिती म्हणते अजून घेतला नाही, आणि तुटका झोपाळा महिनोनमहिने लोंबकळतो. मग पोरंही त्याला लाथा घालतात, ते खरंच. ताबा घेतानाच बाकांच्या जादा फळ्या, झोपाळ्याच्या साखळ्या आणि भिंतींच्या रंगाचा शेड नंबर बिल्डरकडून मागून घ्या. जुळणारं सामान मिळत नाही म्हणूनही दुरुस्ती रखडते.