परत आलेला मेल तळापर्यंत वाचा
कोटेशनचे मेल जीमेलवाल्या ग्राहकांकडून परत येतात म्हणताय, तर मजकूर बदलत बसू नका. परत आलेल्या मेलच्या तळाशी ५५०-५.७.२६ हा आकडा आहे का बघा. असेल तर तुमच्या डोमेनची (मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची) ओळखच जीमेलला पटत नाहीये. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला एसपीएफ (तुमच्या डोमेनवरून कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची नोंद) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), एक तरी लागतंच.

आमच्या भोसरीच्या वर्कशॉपात गंमतच झाली. जुन्या होस्टिंगवाल्याची एसपीएफ नोंद तशीच, आणि नव्याने शेजारी दुसरी टाकलेली! एका डोमेनला ही नोंद एकच चालते. दोन झाल्या की तपासणीच फसते. (मेलमधल्या 'अर्जंट' या शब्दामुळेच ते परत येतात असं समजून चार दिवस मी उगाच त्याला शिव्या घालत होतो.) दोन्ही मिळून एकच ओळ केली, दुसऱ्या दिवशी मेल गेले. तुमचा आकडा वेगळा असेल तर कळवा, फक्त ग्राहकाचा पत्ता खोडून.