मदत हवी आहे: दहावीच्या लेकरांना कोणतं इंग्रजी शिकवावं?
लातूरला दहावीच्या लेकरांची इंग्रजीची शिकवणी घेतो, आता पोरं रील्स बघून विचारायलेत की सर एकट्या माणसाला 'दे' (they) चालतं का, अन् 'हूम' (whom) कुणीच म्हणत नाही तर आम्ही पाठ कशाला करावं? एकवचनी 'दे' १४व्या शतकापासून सापडतो, मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन डिक्शनरीनं २०१९ ला त्यालाच वर्ड ऑफ द इयर केलं, २०२३ ला ऑक्सफर्डनं 'रिझ'ला (rizz, म्हणजे समोरच्याला भुरळ घालायची कला) तोच मान दिला (हे ऐकून पोरं जाम खूश). पण बोर्डात मार्क कापले तर पालक मलाच धरतेत ना! निबंधात 'एव्हरीवन' (everyone) नंतर 'देअर' (their) आलं तर चालवून घेतेत का? पेपर तपासणारे कुणी असतील तर सांगा बरं. अन् बोलायचं वेगळं, पेपरातलं वेगळं ही सवय तुम्ही कशी लावायलात?