आधी फोटो, मग ठसा

कोलाग्राफ म्हणजे पुठ्ठ्यासारख्या पाट्यावर खरखरीत वस्तू चिकटवून प्लेट करायची आणि तिला शाई लावून कागदावर ठसा घ्यायचा. अशा ठशावर फोटो ट्रान्सफर केला की ठसा फिसकटत असेल, तर क्रम उलटा करून बघा. ओल्या तैलशाईवर थिनर लागला की शाई विरघळणारच. मी आधी कोऱ्या, कोरड्या कॉटन कागदावर फोटो उतरवते. त्यासाठी लेझर प्रिंट किंवा झेरॉक्सच हवी, कारण थिनरने टोनर (त्यांची पावडरीची शाई) सुटतो. इंकजेटवर वेळ घालवू नका. प्रिंट पालथी ठेवायची, मागून थिनरचा बोळा फिरवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचं. खिडक्या उघड्या ठेवा, आणि प्रतिमा आधी आरशासारखी उलटी करून घ्या. मी एकदा विसरले आणि आजोळच्या वाड्यावरची पाटी कायमची उलटी वाचावी लागली!

टोनरला पाण्याचं भय नसतं. त्यामुळे तोच कागद नंतर भिजवून, टिपून, त्यावर कोलाग्राफची प्लेट प्रेसमधून काढता येते. जेल मीडियमने (अ‍ॅक्रिलिकच्या दाट, पारदर्शक लेपाने) उतरवलेल्या फोटोत मात्र त्या जागी कागद पाणी नीट पीत नाही आणि ठसा फिका येतो.

प्लेटसाठी मी पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने रवा चिकटवते. शाई पुसल्यावर दाण्यांच्या मधे जो मखमली काळा उरतो, तो फोटोतल्या सावल्यांशी छान मिसळतो. मात्र शेलॅकचे (लाखेच्या वॉर्निशचे) दोन हात दोन्ही बाजूंनी आणि कडांनाही द्या. मागची बाजू मी कोरी सोडली होती, तेव्हा पुठ्ठा ओल धरून वाकला. शिवाय रव्याला मुंग्या लागल्या, ते वेगळंच.

शाई जरा पारदर्शक करून घ्या, नाहीतर खालचा फोटो गडप होतो.