शांघाय की शिआन? दिवाळीत ६ रात्री, सोबत शाकाहारी सासूबाई

मेघा_कोथरूड

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चीनला जायचं ठरतंय. प्रवासाचे दिवस सोडून ६ रात्री मिळतात. आम्ही दोघं आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. त्या सपाटीवर चार-पाच किलोमीटर आरामात चालतात, पण गुडघ्यांमुळे जिने नकोत. पूर्ण शाकाहारी, अंडंही खात नाहीत. ह्यांना शिआनजवळचे मातीचे सैनिक (चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेली पुतळ्यांची फौज) बघायचेत, मला शांघायचा नदीकाठ आणि जुन्या गल्ल्या. एकच शहर निवडायचं तर कोणतं? जेवण, थंडी आणि जिने हे मुख्य प्रश्न आहेत.

दख्खनचा_वाटसरू

मेघाताई, एकच शहर निवडायचं असेल तर शिआन. शांघायमध्ये तुम्ही शहर अनुभवता: रस्ते, नदी, दिवे, माणसं. शिआनमध्ये ठरावीक ठिकाणं बघता, आणि ती जगात दुसरीकडे नाहीत.

सैनिकांच्या संग्रहालयासाठी अख्खा दिवस ठेवा. ते गावापासून दूर, लिंतोंगला आहे. तिकीट १२० युआन आणि पासपोर्ट क्रमांकावर आधीच घ्यायचं. नाव पासपोर्टवर आहे त्याच क्रमाने भरा, नाहीतर दारातच अडकता. जायला मेट्रोची ९ क्रमांकाची लाइन ह्वाछिंगछी स्टेशनपर्यंत, पुढे बस किंवा टॅक्सी. सासूबाई असल्याने हॉटेलपासून थेट टॅक्सीच बरी. रेल्वे स्टेशनबाहेर 'सैनिक, सैनिक' म्हणून ओढणाऱ्यांच्या गाडीत बसू नका. ते वाटेत दुकानं फिरवतात, कधी नकली प्रदर्शन दाखवून परत आणतात.

आत गेल्यावर सगळे आधी १ नंबरच्या खड्ड्यात (पुतळे जिथे उकरून काढले ती जागा) घुसतात. तुम्ही ३, मग २, शेवटी १ असं बघा. ३ नंबरचा लहान आहे, तो सेनेचा मुख्य तळ मानतात. २ मध्ये बराच भाग अजून न उकरलेला दिसतो, त्याचं कारण समजून घ्या. पुतळे मुळात रंगीत होते. रंगाखाली लाखेचा थर आहे. जमिनीतला ओलावा सुटला की तो थर काही मिनिटांत आकसून वळतो आणि रंग घेऊन गळतो. म्हणून घाई केली जात नाही. हे माहीत असलं की १ नंबरच्या २३० मीटर लांब खड्ड्यासमोर उभं राहताना करड्या मातीऐवजी रंगीत फौज डोळ्यांपुढे येते.

अनेकांची एक गोष्ट हमखास चुकते. १९८० साली सापडलेले काशाचे दोन रथ आता खड्ड्यांजवळ नाहीत, लीशान उद्यानातल्या वेगळ्या संग्रहालयात आहेत. त्याच तिकिटात बघता येतात आणि तिथवर बस सोडते. खड्ड्यांत चढ-उतार फार नाही, चाल मात्र भरपूर.

आणि शिआनमधला मोठा वन्यहंस पॅगोडा (बौद्ध मनोरा)! शाळेच्या इतिहासात 'महाराष्ट्राच्या लोकांचा स्वभाव सांगणारा युआन श्वांग' वाचलेला असतो ना, तोच हा. पुलकेशी दुसऱ्याच्या राज्यात येऊन गेलेला हा भिक्षू ६४५ साली इथे परतला, आणि त्याने भारतातून आणलेले ग्रंथ ठेवायला ६५२ साली हा पॅगोडा बांधला. दक्षिणेच्या चौकात त्याचा पुतळा आहे. आतले जिने लाकडी आणि उभे आहेत, वरचं तिकीट वेगळं असतं. सासूबाईंनी ते घेऊ नये, आवारच पुरेसं आहे.

पानात_काय

जेवणाबद्दल. दोन्हीकडे अडचण एकच आहे: 'भाजी' मागितली तरी ती डुकराच्या चरबीत परतलेली, चिकनच्या रश्श्यात शिजवलेली किंवा वर खिमा पेरलेली येते. 'मांस नको' एवढं म्हणून भागत नाही, कारण खिम्याला आणि रश्श्याला तिथे मांस समजत नाहीत. चिनी लिपीत वाक्य लिहून फोनवर ठेवा: मांस, मासे, कोळंबी, अंडं, चरबी, मांसाचा रस्सा यातलं काहीही नको, वनस्पती तेल चालेल. प्रत्येक पदार्थ वेगळा लिहा.

शांघाय इथे सरस आहे. बौद्ध शाकाहारी भोजनालयं मिळतात. नानजिंग पश्चिम रस्त्यावरचं गोंगदेलिन १९२२ पासून चालू आहे. बौद्ध पद्धतीत कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय होते. पदार्थांना बदक, मासा अशी नावं असतात. ते सोयाबीन आणि गव्हाच्या प्रथिनाचे असतात, घाबरू नका. भारतीय हॉटेलंही शांघायमध्ये सहज सापडतात.

शिआनमध्ये मुस्लिम मोहल्ल्यात डुकराची चरबी नसते, हा मोठा दिलासा. पण बोकड आणि बीफ जिकडे तिकडे. तिथे सासूबाईंना चालेल असं: लिआंगफी (थंड, रुंद शेवया, तिखट तेल आणि व्हिनेगर घालून), पर्सिमनच्या तळलेल्या पोळ्या, आणि चिकट तांदूळ व खजुराचा वाफवलेला जेंगगाओ. रुंद ब्यांगब्यांग शेवया खिम्याशिवाय, फक्त तिखट तेलावर करून मिळतात. मोहल्ल्यात सकाळी ११ च्या आत जा, संध्याकाळी चालायला जागा नसते आणि सांगून करून घेणंही जमत नाही.

घरून फराळ न्या, पण पेढे, तूप, खव्याचं काही नको; दुधाचे पदार्थ आणि ताजी फळं कस्टममध्ये काढून घेतात. चकली, शंकरपाळे, पाकीटबंद उपमा-पोहे ठीक. हॉटेलच्या खोलीत किटली बहुतेक असतेच.

नदीकाठची

माझं मत वरच्या मताच्या उलट आहे. गुडघे आणि जेवण हे प्रश्न असतील तर शांघायच. बंडची, म्हणजे जुन्या इमारतींसमोरच्या नदीकाठाची, वाट सपाट आहे, समोरच्या पूडोंगच्या किनाऱ्यालाही तसंच. पर्यटक बोटीला शंभरच्या वर युआन लागतात. रोज कामाला जाणाऱ्यांची फेरी २ युआनमध्ये तीच नदी ओलांडते. दिवे अंधार पडल्यावर लागतात आणि रात्री लवकर विझतात, म्हणून जेवण नंतर करा. मेट्रोत लिफ्ट असते, पण प्रत्येक स्टेशनच्या एखाद्याच दारी. नकाशावर ते दार आधी बघून ठेवा, नाहीतर ४० पायऱ्या समोर येतात.

बंडवरचं हिरव्या टोकदार छपराचं हॉटेल आवर्जून बघा. १९२९ साली व्हिक्टर ससून यांनी ते बांधलं. ससून गोदी, पुण्याचं ससून रुग्णालय, तेच घराणं. मुंबईतून अफूचा आणि कापसाचा जो व्यापार चीनला गेला, त्याच्या पैशातून या किनाऱ्यावरचं बरंच काही उभं राहिलं. मुंबईकराला बंड बघताना फोर्टची आठवण येते, ती या नात्यामुळे.

थंडी: शांघायला तेव्हा हलका स्वेटर पुरे. शिआनमध्ये रात्री पारा ५ च्या खालीही जातो. शिआनमध्ये इमारती गरम ठेवण्याची सार्वजनिक व्यवस्था १५ नोव्हेंबरला सुरू होते, त्यामुळे त्याआधी खोली गार असू शकते. हॉटेलला 'एसीमधून गरम हवा येते का' हे विचारून घ्या. शिआन दक्षिणेकडच्या छिनलिंग डोंगरांना टेकलेल्या खोऱ्यात आहे, हिवाळ्यात धूर साठतो. दम्याचा त्रास असेल तर मास्क हवाच.

मेघा_कोथरूड

खूप उपयोगी. दमा नाही. आता वाटतंय, ३ रात्री शांघाय आणि ३ शिआन केलं तर? सामानासह मधला दिवस किती जातो? आणि पैसे कसे द्यायचे?

रुळांवरून

जमेल, पण क्रम शांघाय आधी ठेवा आणि परतीचं तिकीट शिआनहूनच काढा. उलट परत शांघायला आलात तर एक दिवस फुकट जातो.

जलद गाडी शांघाय होंगछियाओ ते शिआन उत्तर, साधारण ६ ते ७ तास. सकाळी ९ च्या आसपासची घ्या, दुपारी पोहोचता. तिकिटं १५ दिवस आधी उघडतात. शिआनला 'शिआन' आणि 'शिआन उत्तर' ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, हॉटेलच्या टॅक्सीवाल्याला कोणतं ते दाखवा. स्टेशनवर सामान तपासणी असते आणि फाटक गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी बंद होतं, म्हणून ४५ मिनिटं हाताशी ठेवा. पासपोर्टवाल्यांचं स्वयंचलित फाटकात अडलं तर बाजूला माणूस असलेली रांग असते. डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो. सासूबाईंचा उपमा तिथेच होईल.

विमानाने जाणार असाल तर एक सावधगिरी. चीनच्या देशांतर्गत विमानांत जून २०२५ पासून तिथल्या '३सी' या सुरक्षा-प्रमाणपत्राच्या छापाविना पॉवर बँक नेता येत नाही. भारतात घेतलेल्या बहुतेकांवर तो छाप नसतो, आणि सुरक्षा तपासणीत ती काढून घेतात. रेल्वेला ही अडचण नाही.

शांघायच्या पूडोंग विमानतळावरून होंगछियाओला थेट विमानतळ-जोड रेल्वे डिसेंबर २०२४ पासून आहे, सुमारे ४० मिनिटं. मॅगलेव्ह (चुंबकावर तरंगत धावणारी गाडी) हौसेसाठी घ्या: ८ मिनिटं, ५० युआन, त्या दिवसाचं विमानतिकीट दाखवलं तर ४०. पण ती लोंगयांग रस्ता स्टेशनलाच संपते, पुढे सामान घेऊन मेट्रो बदलावी लागते. रात्री दहाच्या आधीच तिची शेवटची फेरी निघते.

पैशांसाठी अलिपे आणि वीचॅट ही फोनवरून पैसे देण्याची अॅप आहेत, दोन्हीमध्ये व्हिसा किंवा मास्टरकार्ड घरूनच जोडा. पासपोर्टची ओळख पडताळणीही इथेच उरका. बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू करा आणि ओटीपीसाठी भारतीय सिम रोमिंगवर ठेवा. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यापुढे ३ टक्के लागतात. एकाच फोनवर अवलंबून राहू नका. तुमच्या दोघांच्या फोनवर वेगवेगळी कार्डं असू द्या, कारण पहिल्या दिवशी एखादं कार्ड अचानक अडवलं जातं. भारतीय सिमच्या रोमिंगवर व्हॉट्सअॅप आणि गूगल चालतात, हॉटेलच्या वायफायवर नाही.

व्हिसाचं: १० दिवसांची व्हिसामुक्त ट्रान्झिट सवलत भारतीय पासपोर्टला लागू नाही, ती मिळते असं सांगणारे व्हिडिओ बघून फसू नका.

दख्खनचा_वाटसरू

३-३ करताना शिआनमधला सोमवार टाळा, शानशी इतिहास संग्रहालय तेव्हा बंद असतं आणि त्याची मोफत तिकिटं एरवीही लगेच संपतात. नाही मिळालं तर लहान वन्यहंस पॅगोडाच्या आवारातलं शिआन संग्रहालय बघा, गर्दी कमी आणि बाग सपाट. आणि शिआनच्या जुन्या तटबंदीवर जाताना सासूबाईंना दक्षिण दरवाज्याशी खाली बसवून तुम्ही दोघं वर सायकल घ्या: पूर्ण फेरी पावणेचौदा किलोमीटर, दगडी विटांवर हादरे बसतात, दोन तास धरा. पाऊस असला की सायकली देत नाहीत.