मदत हवी आहे: शब्द येतात, पण उतारा वाचता येत नाही

वस्तीवरच्या वाचनवर्गात दुसरी-तिसरीची 18 मुलं आहेत. गट इयत्तेनुसार नाहीत, 'असर' या शिक्षण-पाहणीतल्या वाचन-पातळ्यांनुसार पाडलेत: अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट. अक्षरगट बाराखडीचा तक्ता आणि कार्डांवर भराभर पुढे सरकतो. अडतं ते शब्दगटात. 'घर', 'मुलगा' नीट वाचतात, पण वाक्यात 'घराच्या', 'मुलांनी' आलं की तुटक होतं. रफार आणि 'ऱ्या' तर गाळूनच टाकतात. वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली, मग अर्थ कुठून लागणार?

बोट ठेवून वाचून दाखवणं, मग सगळ्यांनी मिळून, मग एकेकट्याने, असा क्रम आहे. पाठ होऊ नये म्हणून उतारा दर 2 दिवसांनी बदलतो. प्रत्ययांची वेगळी कार्डं कुणी वापरली आहेत का? शिवाय जोडाक्षरं कमी असलेले, मोठ्या टायपातले 4-5 ओळींचे उतारे हवे आहेत.