विजेत्या संघातला साथ देणारा तुमचा आवडता खेळाडू कोणता? (बाकावर बसणाऱ्या मुलांना दाखवायचा आहे)

टिळकवाडीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बेळगावात टिळकवाडी भागातल्या एका शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर मी संध्याकाळी मुलांना बास्केटबॉल शिकवतो. संघात बारा मुले आहेत. कोणाच्या घरी मराठी बोलतात, कोणाच्या कन्नड, कोणाच्या उर्दू किंवा कोंकणी; मैदानावर उतरले की मात्र बाराही जणांना एनबीए या अमेरिकन लीगमधला स्टीफन करीच व्हायचे असते. एका वेळी पाच जण खेळतात आणि सात जण बाकावर बसतात हे गणित मुलांना कळते, पण त्या सातांमध्ये आपण असू शकतो हे त्यांच्या मनाला पटत नाही. गेल्या आठवड्यात राखीव ठेवलेला एक मुलगा मला म्हणाला, ‘सर, मग मी सरावाला येऊन काय करू?’ मी त्याला जे उत्तर दिले त्याने त्याचे तर नाहीच, माझेही समाधान झाले नाही.

पाऊस सुरू झाल्यापासून मैदानावर शेवाळ धरले आहे आणि सराव बंद आहे, म्हणून शाळेच्या सभागृहात पडद्यावर जुने सामने दाखवायचे मी ठरवले आहे. त्यात जॉर्डन, कोबी किंवा लेब्रॉन या एनबीएच्या ताऱ्यांसाठी सामना पाहायचा नाही. त्यांच्याबरोबर खेळून विजेतेपद मिळवणाऱ्या माणसासाठी तो पाहायचा, अशी माझी कल्पना आहे. आपला हा धारवाड-बेळगावचा पट्टा गाण्याचा. इथला जाणकार श्रोता गायकाइतकीच तबलजीलाही दाद देतो, आणि तीच नजर या मुलांना खेळाकडे पाहताना यावी असे मला मनापासून वाटते.

माझी स्वतःची निवड स्टीव्ह केर ही आहे. १९९७ च्या एनबीए अंतिम मालिकेचा (चार सामने आधी जिंकेल तो विजेता) शिकागो बुल्स आणि युटा जॅझ यांच्यातला सहावा सामना शिकागोत झाला. बुल्स ३-२ ने पुढे होते, गुणफलक ८६-८६ असा होता आणि अखेरची काही सेकंदे उरली होती. शेवटचा शॉट जॉर्डन घेणार हे सगळ्यांनाच ठाऊक होते. टाइमआऊटमध्ये जॉर्डनने शेजारी बसलेल्या केरला सांगितले की युटाचा स्टॉकटन तुला सोडून माझ्यावर येईल, तेव्हा तयार राहा. आणि केरने मी तयार असेन असे उत्तर दिले. पुढे अगदी तसेच घडले. स्टॉकटन धावून आला, जॉर्डनने चेंडू सोडला आणि केरने फ्री थ्रोच्या रेषेजवळून तो आत टाकला तेव्हा पाच सेकंद उरली होती. शेवटी बुल्सनी ९०-८६ असा सामना आणि त्याबरोबर विजेतेपद जिंकले. मी तो भाग अनेकदा पाहिला आहे, आणि दर वेळी माझी नजर शॉटपेक्षा त्याच्या आधीच्या दोन सेकंदांवर जाते, कारण चेंडू हातात येण्यापूर्वीच केरचे पाय आणि तळवे शॉटसाठी सज्ज झालेले दिसतात.

आपली निवड कळवावी, आणि नाव देताना त्या खेळाडूने नेमके काय केले तेही लिहावे, म्हणजे मला मुलांना सांगता येईल.

खानापूरची वाचक

सर, तुमच्या त्या मुलाचा प्रश्न मला जवळचा वाटला. मी कॉलेजच्या संघात तीन वर्षे होते आणि त्यांतली जवळजवळ दोन वर्षे मी बाकावरूनच खेळ पाहिला आहे.

माझी निवड रॉबर्ट हॉरी. ह्यूस्टन रॉकेट्सकडून दोन, लेकर्सकडून तीन आणि सॅन अँटोनियो स्पर्सकडून दोन अशी सात विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. त्याची कारकिर्दीची सरासरी मात्र सामन्यामागे सात गुणांची आहे आणि ऑल-स्टार म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी त्याची एकदाही निवड झाली नाही. हे दोन आकडे शेजारी शेजारी फळ्यावर लिहून मुलांना विचार करायला सांगावे असे मला सुचवावेसे वाटते.

२००२ च्या पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेतला (ही जिंकणारा संघ एनबीएच्या अंतिम मालिकेत जातो) सॅक्रामेंटो किंग्जविरुद्धचा चौथा सामना सर्वांनाच आठवतो. लेकर्स एका वेळी २४ गुणांनी मागे पडले होते आणि हरले असते तर मालिकेत ३-१ असे पिछाडीवर गेले असते. शेवटच्या क्षणी लेकर्सच्या कोबीचा शॉट चुकला, शॅकचाही चुकला, आणि किंग्जच्या व्लादे डिवाचने धोका टाळण्यासाठी चेंडू बास्केटपासून दूर टोलवला. तो उसळत तीन गुणांच्या रेषेबाहेर उभ्या असलेल्या हॉरीकडे गेला आणि सामना १००-९९ असा संपला. लोक याला नशीब म्हणतात. मला ते मान्य नाही. बास्केटखाली सगळे गर्दी करत असताना एक माणूस आपली जागा न सोडता बाहेर उभा राहिला, म्हणून तर चेंडू त्याला सापडला.

तरीही दाखवायचा असेल तर २००५ च्या अंतिम मालिकेतला डेट्रॉइट पिस्टन्सविरुद्धचा पाचवा सामना दाखवा. मालिका २-२ अशी बरोबरीत होती आणि सामना जादा वेळेत गेला होता. बाजूच्या रेषेबाहेरून हॉरीनेच चेंडू सहकारी जिनोबिलीला दिला, आणि हॉरीला राखणारा पिस्टन्सचा रशीद वॉलेस त्याला सोडून जिनोबिलीवर धावला. जिनोबिलीने चेंडू परत केला, हॉरीने तीन गुणांचा शॉट टाकला आणि स्पर्स ९६-९५ असे जिंकले. तुमच्या केरच्या गोष्टीशी याचे किती साम्य आहे पाहा! त्या रात्रीचे हॉरीचे सगळे २१ गुण मध्यंतरानंतरचे होते.

निपाणीकर

आधीच्या दोन्ही उत्तरांत शेवटच्या क्षणाचा शॉट आहे, आणि मुलांच्या मनात तोच राहील अशी मला थोडी काळजी वाटते. म्हणून मी आंद्रे इग्वोडाला सुचवतो. २०१४ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सचा प्रशिक्षक झालेल्या केरनेच त्याला बाकावर बसवले होते. तोपर्यंतच्या कारकिर्दीतला प्रत्येक सामना इग्वोडाला सुरुवातीपासून खेळला होता. असा माणूस बाकावरून उतरायला तयार होतो आणि हंगामभर त्यावरून संघात कुरबुर होऊ देत नाही, याचे मोल तुमच्यासारख्या प्रशिक्षकाला मी सांगायला नको.

२०१५ च्या अंतिम मालिकेत लेब्रॉनचा क्लीव्हलँड संघ २-१ असा पुढे गेला, तेव्हा चौथ्या सामन्यात केरने उंच सेंटर अँड्र्यू बोगटच्या जागी इग्वोडालाला पहिल्या पाचांत घेतले. लेब्रॉनला राखण्याचे काम त्याच्याकडे होते. वॉरियर्स पुढचे तिन्ही सामने जिंकले आणि मालिकेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. त्याने लेब्रॉनला गुण करू दिले नाहीत असे मुळीच नाही, लेब्रॉनने भरपूर गुण केले. परंतु प्रत्येक गुणासाठी त्याला घाम गाळावा लागला आणि तो थकत गेला.

यातला मला सर्वांत आवडणारा भाग आणखी वेगळा आहे. तो बदल सुचवणारा निक युरेन हा केरचा तरुण मदतनीस होता. आदल्या वर्षीच्या अंतिम मालिकेची चित्रफीत पाहताना त्याच्या लक्षात आले की स्पर्सनी तिसऱ्या सामन्यापासून बोरिस डियॉला पहिल्या पाचांत आणले आणि मालिकेचे रूपच पालटले. म्हणजे २०१४ चा एक साथीदार पडद्यावर पाहून २०१५ चा साथीदार मैदानात उतरला. सभागृहात बसून सामने पाहण्याने काय होते असे कोणी पालक विचारतील, तर त्यांना हे सांगता येईल.

कडोलीचा कबड्डीपटू

मी मूळचा कबड्डीचा. बास्केटबॉल मुलामुळे पाहू लागलो. अंतिम मालिकेचे सामने आपल्याकडे सकाळी सहाच्या सुमारास सुरू होतात, त्यामुळे धारा काढून आल्यावर चहा घेत आम्ही दोघे पाहतो.

कबड्डीत टाळ्या चढाईपटूला मिळतात, पण चढाईपटूचा घोटा पकडणारा कोपरारक्षक नसेल तर सामना हातून जातो. त्या नजरेने पाहिले तर माझा माणूस डेनिस रॉडमन. उंची सहा फूट सात इंच, म्हणजे बास्केटखाली झगडणाऱ्यांमध्ये तो ठेंगणाच. तरीही १९९१-९२ पासून १९९७-९८ पर्यंत सलग सात हंगाम रिबाऊंडच्या, म्हणजे चुकलेल्या शॉटनंतर उसळलेला चेंडू पकडण्याच्या, सरासरीत तो पहिला होता. सहकाऱ्यांचे शॉट सरावात पाहून कोणाचा चेंडू कसा फिरतो आणि चुकला तर कुठे उसळतो हे तो मनात साठवत असे. १९९६ मध्ये सिएटलविरुद्धच्या अंतिम मालिकेत दोन सामन्यांत त्याने समोरच्या बास्केटखाली प्रत्येकी ११ रिबाऊंड घेतले. असा प्रत्येक चेंडू म्हणजे संघाला मिळालेली आणखी एक संधी असते.

त्याच्या वागण्याचे अनुकरण मुलांनी करू नये, हे सांगावे लागेल. मला खरी शंका वेगळी आहे. एवढ्या मोठ्या खेळाडूला ‘साथ देणारा’ म्हणावे का? माझ्या मते म्हणावे, कारण विजेत्या बुल्समध्ये त्याने स्वतःसाठी चेंडू मागितला नाही.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. रॉडमनबद्दलची शंका रास्त आहे, पण मी त्याला घेणार आहे, कारण दुसऱ्याचा चुकलेला शॉट अभ्यासायचा ही कल्पना आमच्या मुलांना नवी आहे. निपाणीकर, तुमचे म्हणणेही पटले. इग्वोडालाचा चौथा सामना पहिल्याच शनिवारी दाखवतो.

केरबद्दल एक भर घालतो. २००३ मध्ये तो ३७ वर्षांचा होता आणि स्पर्सकडून त्या बादफेरीत जेमतेमच मैदानात उतरला होता. डॅलसविरुद्धच्या पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत सहाव्या सामन्यात टोनी पार्कर आजारी होता आणि स्पर्स मागे पडले होते. केर बाकावरून उठला आणि तीन गुणांचे चार शॉट मारून चारही आत टाकले. ‘सरावाला येऊन काय करू’ याचे उत्तर मी आता याच सामन्यातून देणार आहे.

त्यासोबत १९९३ च्या अंतिम मालिकेतला, फिनिक्सविरुद्धच्या सहाव्या सामन्यातला बुल्सच्या जॉन पॅक्सनचा शॉटही जोडावा म्हणतो. तोही जॉर्डनच्याच पासवर होता.

खानापूरची वाचक

सर, तेवढी एक दुरुस्ती करावी. पॅक्सनला पास जॉर्डनने दिला नव्हता. बुल्स दोन गुणांनी मागे होते आणि चौथ्या क्वार्टरमध्ये तोपर्यंत त्यांचे सगळे, म्हणजे नऊही गुण जॉर्डनचेच होते. त्या वेळी जॉर्डनने चेंडू पुढे आणून सहकारी पिपेनला दिला, पिपेनने आत घुसून होरेस ग्रँटला दिला, आणि ग्रँटने बास्केटच्या अगदी जवळ असूनही स्वतः शॉट न घेता बाहेर मोकळ्या उभ्या असलेल्या पॅक्सनकडे सोडला. पॅक्सनच्या शॉटने ९९-९८ झाले तेव्हा ३.९ सेकंद बाकी होती.

बहुतेक वेळा चित्रफीत तिथेच थांबते. तुम्ही ती पुढे चालू ठेवा, कारण त्या उरलेल्या सेकंदांत फिनिक्सच्या केव्हिन जॉन्सनने सामना जिंकण्यासाठी जो शॉट घेतला तो अडवणारा हातही होरेस ग्रँटचाच होता.