रोव्हर्स कप नक्की कशामुळे बंद पडला?

अर्धवेळ_गोली:
मंडळी, एक शंका आहे. आपल्याकडच्या जुन्या फुटबॉल स्पर्धा बघा: डुरँड १८८८ ची, रोव्हर्स १८९१ चा, कलकत्त्याची आयएफए शील्ड १८९३ ची. रणजी करंडक तर यांच्यापुढे शेंबडं पोर, १९३४ चं. डुरँडचे सामने आजही टीव्हीवर दिसतात. मग मुंबईचा रोव्हर्स का गेला? आमच्या क्लबातली मोठी माणसं एवढंच म्हणतात, "अरे, पैसा नव्हता." एका वाक्यात विषय संपला. दुसरं असं, की त्यात कंपन्यांचे आणि पोलिसांचे संघ खेळायचे. मग त्याला हौशी फुटबॉल म्हणायचं का? ते तर पगारी झाले ना?

कूपरेजचा_कोपरा:
दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

पगार मिळायचा, पण कारकुनीचा. मी ज्या हापिसात नोकरीला लागलो तिथे फुटबॉलवाले शेजारच्याच टेबलांवर बसायचे. सकाळी मस्टरवर सही, दुपारी साहेबाची परवानगी काढून मैदान. स्पर्धेचे दिवस आले की त्यांच्या फायली आमच्या गळ्यात. आम्ही कुरकुरायचो आणि संध्याकाळी त्यांनाच बघायला कूपरेजच्या मैदानावर जायचो! खेळ संपला तरी नोकरी राहायची, प्रमोशन मिळायचं, शेवटी पेन्शन. म्हणून खेळाडू कंपनीकडे यायचा. आजच्या अर्थाने तो व्यावसायिक नव्हता, आणि निव्वळ हौशीही म्हणता येणार नाही. आपल्या देशातला फुटबॉल कित्येक वर्षं याच मधल्या जागेत जगला.

आता इतिहास. सुरुवातीला ही स्पर्धा म्हणजे गोऱ्या पलटणींची आपापसातली झुंज. पहिला कप वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने नेला. १९२३ मध्ये कलकत्त्याचा मोहन बागान क्लब अंतिम फेरीपर्यंत आला आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हरला. लक्षात घ्या, याच मोहन बागानने १९११ मध्ये कलकत्त्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून शील्ड जिंकली होती. मुंबईत मात्र पलटणींची मक्तेदारी मोडायला १९३७ उजाडलं. मोडली कुणी? मुंबईकरांनी नव्हे, बंगलोर मुस्लिम्स संघाने. पुढच्या वर्षी परत त्यांनीच. हे नाव आज कुणाच्या तोंडी नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. १९४० मध्ये कलकत्त्याच्या महामेडन स्पोर्टिंगने रोव्हर्स जिंकला आणि त्याच वर्षी डुरँडही. डुरँड जिंकणारा तो पहिला भारतीय नागरी संघ.

मुंबईच्या संघाकडे कप आला तो थेट १९५८ मध्ये, कॅल्टेक्सकडे. ही तेलकंपनी! मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसूझा टाटांकडून खेळायचा, पुढे तोही कॅल्टेक्सकडे आला. साठच्या दशकात मफतलाल गिरणीच्या संघानेही कप उचलला. तेलकंपन्या, गिरण्या, रेल्वे, बँका. मुंबईचा फुटबॉल यांच्याच आस्थापना विभागातून चालायचा, असं म्हटलं तरी चालेल.

कॅल्टेक्सचं पुढे राष्ट्रीयीकरण झालं आणि १९७८ मध्ये ती हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. गिरण्यांचं काय झालं ते मुंबईकराला सांगायला नको. आता पंधरा-वीस फुटबॉलपटू सांभाळायचे कुणी, आणि कशासाठी?

मुक्काम_सिकंदराबाद:
कोपरेकाका, तुम्ही १९४० वरून एकदम १९५८ वर उडी मारलीत. मधली पाच वर्षं आमची आहेत, ती तुम्हाला अशी गिळू देणार नाही. १९५० ते १९५४, सलग पाच वेळा हैदराबाद सिटी पोलीस. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये भारताला चौथ्या क्रमांकापर्यंत नेणारे आणि १९६२ मध्ये जकार्ताला आशियाई सुवर्ण मिळवून देणारे तेच. इथल्या जुन्या लोकांसमोर रोव्हर्सचं नाव काढलं की आधी रहीमसाहेब निघतात, मग मुंबई.

कूपरेजचा_कोपरा:
मान्य, मान्य. मुद्दाम तुमच्यासाठी ठेवलं होतं असं समजा 😄 आणि तो संघही पोलीस खात्याचा, म्हणजे माझाच मुद्दा भक्कम होतो. १९६२ ला हेच आंध्र पोलीस या नावाने कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल क्लबबरोबर संयुक्त विजेते होते. सामना सुटला नाही तर कप वाटून घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी तऱ्हा. मला ती कधीच पटली नाही. बाद पद्धतीच्या स्पर्धेत शेवटी कुणीतरी बाद झालंच पाहिजे की!

अर्धवेळ_गोली:
पण काका, डुरँडमध्येही असेच खात्यांचे संघ होते ना? मग ती कशी टिकली?

कूपरेजचा_कोपरा:
डुरँडच्या पाठीशी सैन्यदल उभं होतं. मधे खंड पडला, पण मालक जागेवर होता. त्यामुळे २०१९ ला कलकत्त्याच्या बाजूला नेऊन ती पुन्हा उभी करता आली. रोव्हर्स भरवायची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन. तिच्यामागे ना लष्कर, ना कलकत्त्यासारखं वेडं शहर. मुंबईकर गर्दी करायचा, नाही असं नाही, पण बागान-ईस्ट बंगाल आले की. दोन स्थानिक संघ असले की स्टँडमध्ये पाय पसरून बसा.

त्यात १९९६ ला राष्ट्रीय लीग सुरू झाली. लीगमध्ये हरलं तरी पुढचा सामना ठरलेला असतो, त्यावर प्रवासाचा आणि खर्चाचा हिशेब बसवता येतो. बाद फेरीत पहिल्याच दिवशी हरलात की सामान बांधा. क्लबांनी कशाला महत्त्व द्यावं ते उघड होतं. रोव्हर्सचं शेवटचं पर्व २०००-०१ चं. कप मोहन बागानकडे गेला, आणि सगळ्यात जास्त वेळा तो त्यांनीच जिंकलेला आहे.

तेव्हा तुमच्या क्लबातल्या लोकांना सांगा, पैसा नव्हता हे खरं, पण तो नंतर आटला. आधी गेली ती मस्टरवर सही करून खेळायला सोडणारी नोकरी. माझं हे मत आहे, भांडायला कुणीही या.

मुक्काम_सिकंदराबाद:
भांडायला आलोच. आमच्याकडे पोलीस खातं कुठे बंद पडलं? खातं तसंच आहे, नोकऱ्याही आहेत, तरी तो संघ राहिला नाही. रहीमसाहेब १९६३ ला गेले आणि घडी विस्कटली, असं इथे मानतात. तुमच्या सिद्धांतात हे कुठे बसतं ते सांगा, मग मान्य करतो.